कापराचं पथ्य

"तहान लागली की पाणी घटाघटा पिता, का घोट घोट?"

हा प्रश्न मी किती बायकांना विचारला असेल, सांगता येत नाही. मी डॉक्टर नव्हते. कुंभार पिंपळगावच्या शाळेत मुलींना शिकवत होते. प्रश्न शेजारच्या खोलीतल्या बंगाली डॉक्टरांचा असायचा, तोंड फक्त माझं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाव तेव्हा अंबड तालुक्यात होतं आणि जिल्हा औरंगाबाद होता. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी मी तिथे बदली मागून घेतली. नवऱ्याने दुसरी बायको आणली होती, माहेरी भावजयीला मी जड झाले होते, आणि कोणी ओळखणार नाही असं गाव मला हवं होतं. असं गाव कुठे असतं? ट्रंक घेऊन एसटीतून उतरले, त्याच्या तिसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या बायकांना माझी कुंडली पाठ होती.

बाजाराच्या मैदानामागे एका म्हाताऱ्या कुंभारणीच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मधली भिंत कच्च्या विटांची. एकीत मी राहायला गेले, दुसरीत हे डॉक्टर कधीपासूनचे राहत होते. उंच, काळसर, साठीकडे झुकलेले. धोतर आमच्याकडच्यापेक्षा वेगळं नेसायचे, आणि भात मिळाला नाही की चेहरा उतरायचा. आमच्याकडे बारा महिने ज्वारी. दुष्काळात तर रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, ती मिलोसुद्धा, रांगेत उभं राहून आणायची. त्यांचा चेहरा उतरलेलाच असायचा.

फाळणीत घर गेलं, तेव्हा ते पद्मा नदीच्या पलीकडून निघाले. निर्वासितांच्या छावणीतून कुठे कुठे भटकत, रेल्वेच्या एका कंत्राटदाराबरोबर जालन्याला आले आणि तिथून आमच्या गावात येऊन टेकले. सोबत काय होतं? औषधांची एक शिसवी पेटी. आत गोल खळग्यांमध्ये बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, बुचांवर बंगाली अक्षरं. त्या सगळ्या भागात होमिओपॅथी आणणारे ते पहिलेच. गावात तो शब्द कोणाच्या तोंडात बसत नव्हता. लोक त्यांना 'गोड गोळ्याचा डागदर' म्हणायचे.

"पहिला दोन साल पेशंट कोण होता माहीत आहे, दिदीमोनी?" ते मला सांगायचे. दिदीमोनी म्हणजे त्यांच्याकडे शिक्षिकेला म्हणतात. "मुंगी! फक्त मुंगी येत होता. साखरेचा वास लागला की लाईन लावून येत होता."

हे सांगून ते स्वतःच हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. परक्या मुलखात दोन वर्षं दार उघडून बसायचं आणि आत कोण येणार, तर मुंग्या!

त्यांच्या शास्त्रात रोगाला औषध नसतं, माणसाला असतं. त्यामुळे माणसाला सगळं विचारावं लागतं. कोणत्या कुशीवर झोपता, खारट आवडतं का गोड, स्वप्नात काय येतं, रडताना कोणी जवळ घेतलं तर बरं वाटतं की राग येतो. हे सगळं एका परक्या पुरुषाने, तोडक्यामोडक्या मराठीत, आमच्या बायकांना विचारायचं! बायका पदर तोंडाला लावायच्या आणि उठून जायच्या. शेवटी एका बाजाराच्या दिवशी ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले.

"तुम्ही विचारा. मी भिंतीकडे तोंड करून बसतो."

मला राग पटकन येतो. शाळेत पोरी माझ्या छडीपेक्षा माझ्या जिभेला भ्यायच्या. मी त्यांना सरळ सांगितलं की मला वेळ नाही. खरं म्हणजे माझ्याकडे वेळच वेळ होता. तासभराने मीच त्यांच्या खोलीत जाऊन बसले.

मग दर बाजाराला तेच. बाई माझ्यासमोर, डॉक्टर पाठमोरे, मांडीवर वही. खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या एका बाईला मी तहानेचा प्रश्न विचारला, तर ती म्हणाली, "घटाघटा का घोट घोट, ते आमाला काय इचारता? हिरीला इचारा!" डॉक्टरांना समजावून सांगितलं तर त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. पण तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं.

शेवटी पथ्य सांगायचं काम माझंच होतं. गोळीला हात लावायचा नाही, कागदावरून सरळ जिभेवर टाकायची. कच्चा कांदा बंद, लसूण बंद, हिंग बंद, कापूर बंद. हे मी पाढे म्हटल्यासारखं म्हणायचे. पाढे म्हणताना कोण विचार करतं?

सकाळी शाळेची तयारी करताना भिंतीपलीकडून आवाज यायचा. ठप, ठप, ठप. दहा ठोके, मग थोडं थांबून पुन्हा दहा. औषधाची बाटली मुठीत धरून कातडी बांधणीच्या जाड पुस्तकावर आपटायची, त्याने औषधाला जोर येतो म्हणे. पेटीतल्या बाटल्या त्यांच्या गुरूने भरून दिलेल्या होत्या आणि वीस-पंचवीस वर्षं त्यांनी त्या संपू दिल्या नव्हत्या. तळाशी आलं की त्यात नवं मिसळायचं, ठोके द्यायचे आणि पुढे चालवायचं. आमच्या घरमालकिणीला हे बरोबर कळलं होतं. ती म्हणायची, "इरजणावानी हाय ते. येकदा मोडलं का मंग दुसऱ्याच्या दारी जावं लागतंय."

त्या आवाजावर मी चहा ठेवायचे. एकट्या बाईला भिंतीपलीकडे कोणी जागं आहे एवढंसुद्धा पुरतं. हे मी त्यांना कधी बोलले नाही.

त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "आणि आपल्याला काय होतं?" मी म्हटलं, "मला काही होत नाही." पहाटे चारला जाग यायची, गळ्यात गोळा अडकल्यासारखा व्हायचा, घास उतरायचा नाही, पाणी मात्र उतरायचं. पण हे मी कशाला सांगू? विचारणारी मी होते.

दोन-तीन वर्षं अशी गेली. त्या साली खंडेनवमीला ते जालन्याला गेले होते. जुन्या जालन्यात एका व्यापाऱ्याकडून रिकाम्या बाटल्या आणि बुचं आणायची होती. किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे ठेवून गेले.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. सकाळी शाळेत आम्ही पाट्या पुजल्या. घरी आले तर कुंभारणीच्या मुलाने चाक धुऊन, हळदीकुंकू लावून ठेवलेलं. समोरच्या सुताराचा रंधा, पलीकडच्या शिंप्याचं शिलाई मशीन, सगळ्यांना झेंडूची माळ. एका दाराला मात्र कुलूप. मला कसंसंच झालं. या माणसाची पेटी पद्मेपलीकडून इथवर आली आणि सणाला तिला एक फूल नाही.

मी कुलूप उघडलं. खोली झाडली, सारवली. पेटी पाटावर ठेवली, झाकण उघडून हळदीकुंकू वाहिलं, माळ घातली. भिंतीवर त्यांच्या शास्त्राच्या मूळ पुरुषाचा, टकल्या जर्मन म्हाताऱ्याचा फोटो होता, त्यालाही माळ घातली. घरमालकीण दारात येऊन बघत होती.

"आवो बाई, आरतीबिगर कशाची पूजा? थांबा, कापूर आणते."

तिने मूठभर कापूर आणला. आम्ही दोघींनी आरती केली. उघड्या पेटीवरून तीनदा तबक फिरवलं, मग त्या जर्मन म्हाताऱ्यासमोर. मी त्या दिवशी खूश होते, हे लपवत नाही. नवऱ्याच्या घरातून निघाल्यापासून मी कोणासाठी काही मांडलं नव्हतं. कापराच्या सात-आठ वड्या उरल्या होत्या. मुंग्यांची गोष्ट आठवली. म्हटलं, कापराने मुंग्या येत नाहीत. वड्या पेटीच्या खळग्यांमध्ये खोचल्या, झाकण घट्ट लावलं, खोलीला कुलूप घातलं.

कांदा, लसूण, हिंग, कापूर हे मी दर आठवड्याला घोकत होते. पण पथ्य माणसाला असतं, पेटीला कसलं पथ्य? माझ्या मनाला तो विचार शिवलासुद्धा नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते आले. मी आपट्याची पानं घेऊन वाट बघत होते. दार उघडलं आणि ते उंबऱ्यावरच थांबले.

"कापूर?"

मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. ते आत गेले, झाकण उघडलं. रात्र आणि दिवसभर बंद पेटीत राहिलेल्या कापराचा असा भपका आला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एक बाटली उघडून हुंगली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी उघडली नाही.

"मेलं," ते म्हणाले. "सगळं मेलं."

त्यांच्या शास्त्रात कापराचा वास लागला की बाकीची औषधं मरतात. हे कळल्यावर मी काय करावं? मी भांडले. "आधी सांगायचं होतं ना!" मी म्हणाले. ते हळू आवाजात म्हणाले, "सांगितलं होतं." मग मला माझाच पाढा आठवला आणि मी खाली बसले.

ते मला एक शब्द वावगा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, "कोणाला सांगू नका. त्या म्हातारीलाही नाही. गाव म्हणेल, या बाईचा हात लागला आणि वाटोळं झालं. तुमच्याबद्दल लोक आधीच खूप बोलतात." त्याच आठवड्यात त्यांनी कलकत्त्याला पत्र टाकलं, सगळी औषधं नव्याने मागवली. पार्सल यायला महिना-दीड महिना लागणार होता. तोवर दार बंद ठेवलं तर गाव कारण विचारणार. म्हणून त्यांनी त्याच मेलेल्या बाटल्यांमधून पुड्या द्यायला सुरुवात केली.

भिंतीपलीकडचे ठोके बंद झाले. मेलेल्याला कशाला आपटायचं?

मला वाटलं होतं, दोन आठवड्यांत लोक ओरडत येतील. त्यांनाही तसंच वाटलं होतं. मला तर ते त्याची वाटच बघत आहेत असं दिसायचं. आणि पहिली कोण आली, तर ती विहिरीला विचारा म्हणणारी बाई. तिला महिनोन् महिने झोप नव्हती. येताना पदरात दुधीभोपळा घेऊन आली.

"बाई, सायबाला सांगा, लई गुण आला. तीन दिस झाले, मढ्यावानी झोपून राह्यले. बिलकुल जाग न्हाई!"

डॉक्टर पाठमोरेच बसले होते. वळले नाहीत. त्या पाठीवर मला असं काही दिसलं की मी तिला भोपळ्यासकट जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. पुढच्या बाजारी आणखी दोघी आल्या. गुण आला. एका म्हाताऱ्याची खाज गेली. सगळ्यांना काही गुण येत नव्हता, पण पूर्वी तरी कुठे सगळ्यांना येत होता? जेवढ्यांना यायचा, तेवढ्यांना येतच राहिला.

पार्सल आलं. कापडात शिवलेलं, लाखेची मोहर. त्यांनी ते कोनाड्यात ठेवलं आणि उघडलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिवण तशीच. ते जेवेनासे झाले. प्रश्न विचारायला मी बसायचे, ते वहीत लिहायचे, पण लिहिताना पूर्वीसारखे मध्येच थांबायचे नाहीत. बायकांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

उन्हाळ्यात माझ्या बदलीचा कागद आला, भोकरदनकडच्या एका गावात. निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊन नेहमीच्या जागी बसले. त्यांना म्हटलं, "आज तुम्ही इकडे तोंड करून बसा. आज मी तुम्हाला विचारणार आहे."

ते ऐकेनात. मी हटले नाही. कोणत्या कुशीवर झोपता? उजव्या. खारट की गोड? मासा. स्वप्नात काय येतं?

त्यांनी मांडीवरची वही मिटली. मग म्हणाले, "बोचकं."

मग सगळं सांगितलं. त्यांच्या शास्त्राच्या नियमाप्रमाणे कापराची बाटली पेटीत ठेवत नाहीत, बाकीची औषधं मरू नयेत म्हणून वेगळी ठेवतात. घर सोडताना त्यांनी ती कपड्यांच्या बोचक्यात बांधली होती. बोटीवर चढतानाच्या चेंगराचेंगरीत पेटी त्यांच्या हातात राहिली, बोचकं गेलं. छावणीत पटकीची साथ पसरली. बायकोला लागण झाली. पटकीच्या सुरुवातीला त्यांच्या शास्त्रात औषध एकच, कापूर. मांडीवर सगळी पेटी भरलेली, आणि नेमकी तेवढी एक बाटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बायको गेली.

"तीस साल होत आले, मी एकच गोष्ट बोलतो, दिदीमोनी. कापूर असता तर ती वाचली असती. पण नियम बराबर होता, मी नियम पाळला." ते पेटीकडे बघत होते. "आता तुम्ही सांगा. कापराने औषध मरत नसेल, तर मी तो बाटली वेगळा का ठेवला? ती फुकट गेली. आणि मरत असेल, तर मेलेल्या गोळीने लोक बरे कसे होतात? मग मी तीस साल काय वाटलं? साखर?"

 मला त्यांच्या शास्त्रातलं काय कळत होतं? मी म्हटलं, "तुम्हाला कशाने बरं वाटेल?" हाही प्रश्न यादीतलाच होता.

"एक माणूस तरी यावा आणि सांगावं, गुण आला नाही. खरं सांगावं. मग मी पार्सल उघडेन."

मी उठले तेव्हा त्यांनी त्याच पेटीतून एक पुडी बांधून माझ्या हातात दिली. "गळ्यासाठी."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भिंत पातळ आहे," ते म्हणाले. "चार वाजता तुम्ही उठता. पाणी पिता. घोट घोट."

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या स्टँडवर भोकरदनच्या गाडीला वेळ होता. मी पुडी उघडली. मेलेल्या गोळ्या आहेत हे मला माहीत होतं, मीच मारल्या होत्या. तरी पथ्याप्रमाणे हात न लावता कागदावरून जिभेवर टाकल्या. पुडी आठवडाभर पुरली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नव्या गावात, नव्या खोलीत, मी दोन भाकरी आणि पिठलं खाऊन उठले आणि हात धुताना ध्यानात आलं की घास अडकला नव्हता. त्या रात्री झोपले ती सहा वाजता उठले. मी चुलीपुढे बसून खूप रडले. कोणीतरी मला भिंतीपलीकडून ऐकत होतं, ही गोष्ट मला तेव्हा कळली आणि आता ती भिंत नव्हती.

पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. मोडक्या देवनागरीत एकच ओळ. गळा कसा आहे, खरं लिहावं.

चार कार्डं मी फाडली. गुण आला, फार गुण आला, तुमचे उपकार कसे फेडू, हेच प्रत्येकात आपोआप लिहिलं जात होतं. पाचव्यावर लिहिलं, "गळा तसाच आहे. गोळ्यांनी काही झालं नाही." सही केली आणि विचार बदलायच्या आत टपालपेटीत टाकून आले.

महिन्याभराने एक छोटं पाकीट आलं. आत पुडी, आणि कागदावर औषध नव्याने केलं आहे एवढंच. पुढे कुंभारणीच्या सुनेने कोणाकडून तरी पत्र लिहवलं, त्यात होतं की डागदरसाहेबांनी पार्सल फोडलं, सकाळी पुन्हा आपटून राह्यलेत, सासूबाईची झोपमोड होते. ते वाचून मी हसले. औषध मी त्यांना परत दिलं होतं. पण त्याबरोबर ते हरवलेलं बोचकंही, कापूर असता तर ती वाचली असती ही टोचणीही, परत दिली होती, आणि ते घेऊन ते पुन्हा एकटेच झोपणार होते, उजव्या कुशीवर.

चार वर्षं दर महिन्याला पुडी येत राहिली. दर वेळी वेगळं औषध असायचं, दर वेळी कार्डावर तोच प्रश्न, आणि दर वेळी मी लिहायचे की किंचित फरक आहे, पण गेलेला नाही. बरी आहे असं लिहिलं असतं तर पुड्या थांबल्या असत्या.

मग एका महिन्यात पुडी आली नाही. पुढच्याही महिन्यात आली नाही.

त्या चार वर्षांतली एकही गोळी मी फेकली नाही. सगळ्या घेतल्या, हात न लावता, कागदावरून, धडधाकट गळ्याने.